सिकंदरचे जंत

२० फेब्रुवारी २००९, शुक्रवार
आजपासून रोज लिहायचं. जेराल्डसाहेबांनी, म्हणजे आमच्या एमडींनी, त्यांचं सहा महिन्यांचं शिंगरू माझ्यावर सोपवलं. नाव सिकंदर. तबेला शारजाच्या बाहेर. गेल्या महिन्यात ऑफिसातली चाळीस माणसं काढली, त्याची लिस्ट एचआर म्हणून मीच केली. एका दिवसात, एका मेलने खलास! घरचं जनावर सोपवतात म्हणजे माणूस घरचा झाला. माझी खुर्ची पक्की.

२३ फेब्रुवारी
सिकंदरचं पोट नगारा, बरगड्या मोजून घ्याव्यात. खैरुद्दीन, तिथला पेशावरी मोतद्दार, म्हणाला पोटात किडे आहेत. मी चारत होतो ते खजूर बंद केले. गोड खाल्लं की जंत होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. खैरुद्दीन हसला. अनाडी.

२६ फेब्रुवारी
बायकोकडून, अनुपमाकडून, बादलीभर वावडिंगाचा काढा करून नेला. सिकंदरने सगळा माझ्या शर्टावर फुर्रकन उडवला. थोडा पोटात गेला असणारच. अनुपमाने शर्टाचा विषय काढला. मी ट्रॅफिकचा काढला.

१ मार्च
लिदीत जंत. पांढरे, वीतभर, पेन्सिलीएवढे जाड. शी! व्हेट डॉ. हाफिजा म्हणाल्या, आत गच्च भरलेत, एकदम मेले तर आतड्यात बोळा बसेल. सौम्य औषध द्या, हळूहळू. बाई हुशार, पण मॅनेजमेंट शून्य. साहेब शुक्रवारी बघायला येणार आहेत. तोवर पोट उतरलंच पाहिजे.

४ मार्च
जंत काय नि स्टाफ काय, टप्प्याटप्प्याने काढले की कटकट वाढते. सगळ्यात जालीम पेस्ट आणली. नळीच्या दट्ट्यावर वजनाचे आकडे असतात. शिंगरू दीडशे किलोचं, मी सहाशेवर लावला. खैरुद्दीनने माझा हात धरला. मी म्हटलं, लिस्टमध्ये अजून जागा आहे. त्याने सोडला. पेस्ट गिळून सिकंदर माझी बाही हुंगत राहिला. खजूर शोधत होता, खुळा.

५ मार्च, सकाळ
ढीगभर मेलेले जंत! स्वतःचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी
सिकंदर लोळतोय. घामाने भिजलाय. सारखा वळून पोटाकडे बघतो. गॅस असणार. खैरुद्दीन म्हणतो डॉक्टरना बोलवा. नको म्हटलं, उगाच साहेबांच्या कानावर जायचं.

६ मार्च, शुक्रवार
पहाटे गेला. खैरुद्दीनने माझं न ऐकता फोन केला होता, पण डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झाला. आतड्यात जंतांचा गोळा, घट्ट वळलेला. हे त्यांनी खैरुद्दीनला सांगितलं, माझ्याकडे बघितलंही नाही. साहेब आलेच नाहीत. फोन बंद. घरी लेकीने, ईश्वरीने, इंग्लिशमधून विचारलं, सिकंदर कसा आहे. म्हटलं, अबुधाबीच्या मोठ्या तबेल्यात गेला. पुढच्या शुक्रवारी भेटायला जायचं म्हणाली. इन्शाल्ला म्हटलं.

८ मार्च
साहेब देश सोडून गेले, कायमचे. ऑफिसात टेबलावर माझ्या नावाचं पत्र. मसुदा माझाच, चाळीस जणांना पाठवलेला. शेवटी उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छासुद्धा. सही साहेबांची, तारीख १८ फेब्रुवारी. म्हणजे शिंगरू सोपवलं त्याच्या दोन दिवस आधीची. शुक्रवारी कोणी येणारच नव्हतं.

बाथरूमचा नळ सोडून रडलो. नोकरीसाठीच. अनुपमा पेस्ट दिली त्या दिवशीचा शर्ट धुवायला मागत होती. बाहीवर सिकंदरची लाळ वाळली आहे. दिला नाही.