तिर्झाच्या हातचं ब्रिस्केट

क्लीव्हलंड,
रोश हशानाच्या आधीचा आठवडा

प्रिय तिर्झा हिस,

'चि. सौ.' लिहायला गेले आणि पेन थांबलं. सौ. म्हणावं तर माझ्या मुलाने ते वकिलामार्फत तुझ्याकडून काढून घेतलं. न म्हणावं तर तो गेला हेच तुझं सौभाग्य, असं माझं मत आहे (आई असून). तेव्हा नुसताच आशीर्वाद घे. तुझी कंबर कशी आहे? कोलंबसच्या त्या फ्लॅटमधला हीटर नीट चालतो का? माझं विचारशील तर गुडघे दुखतात, साखर वर आहे आणि डॉक्टर नवा आहे. तो माझ्याशी मोठ्याने बोलतो, कारण त्याला वाटतं की म्हाताऱ्या माणसाचे आधी कान जातात. गेल्या सणापासून तुझा फोन नाही. तुझंही बरोबरच आहे म्हणा, नवरा गेल्यावर सासू कशाला ठेवावी? तरी फोन वाजला की मी आधी तुझं नाव येतंय का ते बघते.

पत्राचं कारण ब्रिस्केट. जोएलने कळवलं, की रोश हशानाला, नव्या वर्षाच्या सणाला, तो आणि त्याची ती नवी कर्स्टन माझ्याकडे जेवायला येणार, आणि ब्रिस्केट 'तिर्झा करायची तसंच' पाहिजे. म्हणजे बघ, बायको सुटली पण तिच्या हातची चव सुटत नाही. (घटस्फोटात त्याने सोफा मागितला, गाडी मागितली, ब्रिस्केट मागायचं तेवढं राहिलं.) मला तिथल्या तिथे फोन आपटायचा होता, पण हल्लीचे फोन आपटता येत नाहीत. बोट लावून बंद करावे लागतात आणि त्यात राग निघत नाही.

तर सणाआधी एकदा करून बघावं म्हणून फिशबाइन खाटकाकडे गेले. गाईच्या छातीचा मोठा तुकडा निवडला आणि म्हटलं, वरची चरबी सगळी काढ, डॉक्टरने सांगितलंय. फिशबाइनने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. चरबी काढलीस तर घरी नेऊन पायताण शिजवशील, म्हणाला. मी म्हटलं, तू काप. घरी आले, ओव्हन चांगला कडक तापवला, दर थोड्या वेळाने झाकण उघडून आत डोकावले, बाहेर काढल्या काढल्या कापायला घेतलं, आणि कापलंही धाग्याच्या दिशेने, उभं. चाखायला दोघं आली होती. जोएलने एक घास तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला. गिळेना की थुंकेना. कर्स्टन मात्र चावत चावत म्हणाली की फारच छान झालंय, मॉम. (ही मला आल्या दिवसापासून मॉम म्हणते. तू वीस वर्षं ब्लूमा म्हणालीस आणि आपलं बरं चाललं होतं.)

मग तिने मनावर घेतलं. ती आपला धर्म शिकायच्या क्लासला जाते, तिचं स्वयंपाकघर अजून कोशर झालेलं नाही (दुधाला आणि मांसाला एकच पातेलं), म्हणून म्हणाली तुमच्याकडेच येऊन करते. मी बरं म्हटलं. (ती पडावी म्हणून म्हटलं, खोटं कशाला बोलू.) डावीकडचं कपाट दुधाच्या भांड्यांचं, उजवीकडचं मांसाच्या, हे तिला पुन्हा पुन्हा बजावलं. पण मी सांगताना माझं तोंड ओट्याकडे होतं आणि ती बिचारी माझ्यासमोर ओट्याला टेकून ऐकत होती. मी गुडघ्यांना तेल लावायला आत गेले. तिने खाली कांद्याची गादी केली, चरबीची बाजू वर ठेवली, मंद आचेवर दुपारभर शिजू दिलं, झाकणाला हात लावला नाही. रात्रभर फ्रिजमध्ये गार केलं, दुसऱ्या दिवशी आडवं कापून त्याच रसात गरम केलं. घरभर असा वास सुटला की मी खुर्चीतून उठून बाहेर आले. टेबलावर बघते तो निळ्या काठाचा ट्रे, ज्यात आदल्या सकाळी, तिने शिजवायच्या जरा आधी, मी शेवयांचा चीज घातलेला कुगेल भाजला होता. दुधाच्या भांड्यात मांस. तुला पुढचं सांगायला नको.

रब्बींना फोन केला. त्यांनी विचारलं की भांडं शेवटचं कधी वापरलं, मी सांगितलं, मध्ये एक दिवसही गेलेला नव्हता, आणि त्यांनी निःश्वास टाकला, म्हणजे ते मांस आता खाता येणार नाही. शेजारच्या कुत्र्याला तरी घालू का म्हटलं, तर म्हणाले, कुत्र्यालाही नाही. इतक्यात जोएल म्हणाला,

"आई, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय, जोएल," मी म्हटलं.

त्याने उभ्या उभ्या काट्याने एक तुकडा उचलला, खाल्ला, आणि त्या मुलीच्या तोंडावर म्हणाला,

"जाऊ दे. तसंही तिर्झासारखं झालं नाहीये."

कर्स्टन ट्रे उचलून उभी राहिली आणि मला विचारलं, "कुठल्या सिंकमध्ये धुऊ?" आणि रडायला लागली. मला तिची दया आली. तिचा दुस्वास करायचा असं मी ठरवून ठेवलं होतं, तेही या पोराने मला करू दिलं नाही. मांस उत्तम झालं होतं, तिर्झा. काटा लावताच सुटत होतं. कचऱ्यात टाकलं.

तर आता तूच कृती पाठव. चरबी किती, कांदे किती, वाईन कधी ओतायची, सगळं सविस्तर लिही.

तुझी (कायद्याने कुणीही नसलेली),
ब्लूमा

ता. क. कृती पाठवू नकोस. लग्न होऊन आलीस तेव्हा माझ्याच ओट्यावर मी तुला ब्रिस्केट शिकवलं होतं, आणि झाकणाला हात लावलास म्हणून ओरडलेही होते. जोएल लहानपणापासून तेच खात आला, पण त्याला ते आठवत नाही. पहिलं पायताण मी मुद्दाम केलं. तुला सोडून दिल्यावर ती चव त्याला आयती मिळावी हे मला बघवत नव्हतं.

आणखी एक. सणाला कर्स्टनच्या आईकडे जा, असं त्याला सांगितलं आहे. तिथे पानात काय पडेल ते त्याने आणि देवाने बघावं.

शेवटचं. सणाच्या आदल्या दिवशी सकाळची बस आहे. मी कोलंबसला येऊ का? एखादं नातवंड असतं तर त्याच्या नावाने न विचारता आले असते. ते नाही, तेव्हा विचारावं लागतं. ये म्हणत असलीस तर कळव. नको म्हणत असलीस तर काहीच कळवू नकोस, पत्र वाटेत हरवलं असं मी धरून चालेन.