कोच पाण्याचा घोट घेतो तेव्हा

मी, ऑर्विल जेम्स स्टेंगल, वय एकाहत्तर, पूर्वी जिल्हा न्यायालयात लघुलेखक, सध्या काही नाही, राहणार मार्लो फॉल्स, ओहायो, आज मंगळवार, दिनांक २१ मे २०२४ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, यकृत नाही. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, कारण दडपण आणायला या घरात कोणी उरलेलं नाही. याआधीच्या मृत्युपत्रात सगळं माझी पत्नी डोरीन हिला दिलं होतं. ती माझ्याआधी गेली, म्हणून ते रद्द समजावं.

वकीलबाई कोवालचिक म्हणाल्या, "मिस्टर स्टेंगल, कलमं छोटी ठेवा. मनातलं काही असेल तर वेगळ्या कागदावर लिहा." बाई, चौतीस वर्षं मी कोर्टात बसून दुसऱ्यांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलं. त्यात एकही वाक्य माझं नव्हतं. आता माझी पाळी आहे आणि कागद हाच आहे.

कलम १. राहतं घर, गॅरेज आणि मागचं अंगण माझा एकुलता एक मुलगा ग्रेडी स्टेंगल, राहणार ओमाहा, नेब्रास्का, याला मिळावं. तो विकणार हे मला ठाऊक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र तळघरात मार्च महिन्यात पाणी शिरतं, ते घेणाऱ्याला आधी सांगावं. लपवू नये. लपवल्याने काय होतं ते कलम ६ मध्ये आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते माझी नात डोरी हिच्या शिक्षणासाठी. ती साडेपाच वर्षांची आहे. मी तिला फक्त फोटोत पाहिलं आहे. आजीसारखीच एक भुवई वर करून बघते.

कलम ३. माझा मित्र मर्ल होबॅक, प्लंबर, हा या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकीलबाई सांगतात. त्याला काही द्यायचं नाही हा माझा बेत २००९ पासून होताच, तो आयता जमून आला. त्या वर्षी कलम ४ मधल्या खेळात त्याने माझ्या खांद्यावरून माझ्या वहीत डोकावून एक खेळाडू पळवला आणि करंडकही नेला. विचारलं तर म्हणतो, "अरे, मी चष्मा शोधत होतो." माझी ॲल्युमिनियमची शिडी त्याच्याकडे आहे. ती तिथेच राहू दे, पण ती देणगी समजू नये.

कलम ४. आमच्या फँटसी फुटबॉल लीगमधला माझा संघ. वकीलबाईंना हे कलम समजेना, म्हणून लिहितो. आम्ही बारा जण आहोत. दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी माझ्या गॅरेजमध्ये जमायचं आणि खऱ्या संघांतल्या खऱ्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक उचलून आपापला कागदी संघ करायचा, हा आमचा निवडीचा दिवस. तो खेळाडू रविवारी मैदानात जेवढं पळेल तेवढे गुण आपल्या कागदावर. जुने खेळाडू पुढच्या वर्षीही ठेवता येतात, म्हणून अदलाबदलीचे प्रस्ताव बारा महिने चालू असतात. शेवटून पहिला येईल त्याने पुढच्या वर्षी सगळ्यांना सॉसेज भाजून घालायचे. मर्लने अकरा वेळा घातले आहेत.

ग्रेडी त्यातला सर्वांत धाकटा. सोळाव्या वर्षापासून खेळतो. माझा संघ त्याच्या संघात मिसळून त्याला द्यावा. बाकीचे अन्याय झाला म्हणून ओरडतील. ओरडू द्यावं.

कलम ५. माझ्या सत्तावीस वह्या. लोक खेळाडूंचे आकडे बघतात. मी कोच काय बोलतो ते उतरवतो, तेसुद्धा मे महिन्यातलं, जेव्हा मैदानात कोणी नसतं आणि कोच कोट घालून पत्रकारांसमोर बसतो. आमच्या हॅरियर्स संघाचे मुख्य कोच व्हॅनडिवर यांची दर वर्षीची पत्रकार परिषद मी लघुलिपीत उतरवली आहे, खोकल्यासकट. साक्षीदार खोटं बोलताना शब्दांत सापडत नाही, थांबण्यात सापडतो. कोचचंही तसंच.

या वर्षीची परिषद १४ मे रोजी झाली. ती फक्त ग्रेडीसाठी इथे देतो. निवडीचा दिवस होईपर्यंत हे कलम मर्लने वाचू नये. त्याने सही करताना वाचलं असेल तर त्याला लाज वाटावी.

पहिलं, डेमॅरिअस टोलिव्हर. गेल्या वर्षी चेंडू घेऊन सर्वांत जास्त पळालेला. त्याच्याबद्दल कोच म्हणाले, "फार गुणी माणूस आहे. धीराचा आहे. सगळ्यांना तो आवडतो. गुडघ्याचं रोजच्या रोज बघू." तीन वाक्यं स्वभावाची आणि पायांचं एकच, तेही उद्यावर ढकललेलं. वसंतात कोचने एखाद्याच्या स्वभावाची तारीफ केली की समजावं, त्याचे पाय गेले. टोलिव्हर सध्या माझ्याच संघात आहे. त्याला सोडून द्यावं.

दुसरं, त्याची जागा कोण घेणार? "सगळ्यांना संधी मिळेल," म्हणाले. म्हणजे अजून ठरलेलं नाही, त्यावर वेळ घालवू नये.

तिसरं. एका पत्रकाराने कायल ब्रॅन्स्कम नावाच्या पोराचं विचारलं. दुसऱ्याच वर्षाचा, नाव कोणाला माहीत नाही. कोचनी बाटली उचलली, पाण्याचा घोट घेतला, झाकण सावकाश लावलं आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न." नऊ सेकंद. ज्याच्याबद्दल बोलायचं नसतं तोच खरा असतो. नवव्या फेरीपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही. ग्रेडी, नवव्या फेरीत ब्रॅन्स्कमला उचल. चेहरा मठ्ठ ठेव.

कलम ६. आता जे लिहितो ते संपत्तीबद्दल नाही.

२०१८ च्या जून महिन्यात डोरीनला तपासून डॉक्टर बाहेर आले. मी उभा राहिलो. ते म्हणाले, "मिसेस स्टेंगल फार धीराच्या आहेत. आमच्या मजल्यावर सगळ्यांना त्या आवडतात. रोजच्या रोज बघू." आणि हातातल्या कागदी पेल्यातून पाण्याचा घोट घेतला. मला आणखी काही विचारायची गरज नव्हती. हंगाम सुरू होईपर्यंत ती राहणार नाही हे मला त्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या कळलं.

त्याच संध्याकाळी ग्रेडीचा फोन आला. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती आणि नोकरी नवी होती. त्याने सरळ विचारलं, "बाबा, आई कशी आहे? मी निघून येऊ का?"

मी म्हणालो, "रोजच्या रोज बघतोय. सराव शिबिर सुरू होईपर्यंत उठून बसेल. तू तुझं काम बघ. निवडीच्या दिवशी येतोच आहेस ना, तेव्हा भेट."

हे मी खेळाडूच्या दुखापतीबद्दल बोलावं तसं बोललो. त्याने पुढच्या सात आठवड्यांत नऊ वेळा विचारलं आणि नऊ वेळा मी हेच सांगितलं. डोरीनने मला गप्प राहायला सांगितलं होतं असं मी लोकांना भासवलं. तिने काही सांगितलं नव्हतं. माझ्या धंद्यात जे बोललं जातं ते नोंदीवर येतं आणि नोंदीवर आलं की ते झालं. मी ग्रेडीला सांगितलं असतं तर डोरीन मरणार हे नोंदीवर आलं असतं. एवढंच कारण. मी भ्यालो होतो.

ती ९ ऑगस्टला गेली. ग्रेडीचं विमानाचं तिकीट ३१ तारखेचं होतं.

दफनानंतर तो चर्चच्या पायऱ्यांवर माझ्यासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाबा, तुम्हाला माहीत होतं. कोच पाणी प्यायला तरी तुम्हाला कळतं. आईचं कळलं नाही असं मला सांगू नका."

मी म्हणालो, "डॉक्टर नक्की काही बोलले नव्हते."

"बघा," तो म्हणाला, "अजून तेच चाललंय तुमचं."

त्यानंतर सहा वर्षं आम्ही बोललो नाही. त्याने लीग मात्र सोडली नाही. गॅरेजमध्ये येत नाही, ओमाहाहून संगणकावर निवड करतो. अधूनमधून माझ्या नावे अदलाबदलीचा प्रस्ताव येतो: हा घ्या, तो द्या. मी लगेच उत्तर देत नाही. दोन दिवस तो पडद्यावर ठेवतो आणि येता-जाता बघतो. आमच्यात पत्र म्हणावं असं तेवढंच राहिलं आहे.

म्हणून आता नोंदीवर घ्यावं. एप्रिलमध्ये मी माझ्या डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "कोचसारखं बोलू नका." त्या पाणी प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "उन्हाळ्याचा शेवट तुम्हाला दिसणं कठीण आहे." ग्रेडी, मी निवडीच्या दिवशी असणार नाही. शिबिरापर्यंत उठून बसणार नाही. रोजच्या रोज बघण्यासारखं काही नाही. मी तुझी आई मरत असताना तुझ्याशी खोटं बोललो आणि तिला तुझ्यावाचून जावं लागलं. यायचं असेल तर आता ये. नाही आलास तरी घर तुझंच आहे.

कलम ७. स्वयंपाकघरातला फ्रीझर. खालच्या कप्प्यात एक पाकीट आहे, त्यावर डोरीनच्या अक्षरात "ग्रेडी – ऑगस्ट" असं लिहिलंय. बटाटा आणि चीज भरलेल्या चोवीस पिरोग्या आहेत, उकळत्या पाण्यात सोडून शिजवायच्या करंज्यांसारख्या. जुलैमध्ये ती मला म्हणाली, "कधी येतोय रे तो?" मी म्हटलं, "महिनाअखेर." तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "मग करूनच ठेवते." स्टुलावर बसून दोन दिवस करत होती. तिलाही कळलं होतं, हे मला तेव्हाच समजलं आणि तरी मी मूग गिळून बसलो. सहा वर्षांत दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा मी ते पाकीट बर्फ घातलेल्या पेटीत घेऊन मर्लच्या घरी गेलो. ते ग्रेडीचं आहे. मी गेल्यावर कोणी ते कचऱ्यात टाकू नये.

कलम ८. अंत्यविधी साधा असावा. माझ्या स्वभावाची तारीफ कोणी करू नये. ती कधी करतात ते मला माहीत आहे.

कलम ९. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मला तो अवकाश परवडणारा नाही. वकीलबाईंनी कलम ६ आणि ७ ची प्रत आजच्या टपालाने ग्रेडीला पाठवावी. त्या म्हणाल्या, "अशी पद्धत नाही." मी म्हणालो, "मग सुरू करा."

वरील मजकूर मी वाचून पाहिला, त्यात खाडाखोड नाही, आणि दोघा साक्षीदारांसमोर सही करतो.

(सही) ऑर्विल जे. स्टेंगल
साक्षीदार: मर्ल होबॅक. रोझलिन टिबेट, वकीलबाईंच्या कार्यालयातील लिपिक.
मार्लो फॉल्स, ओहायो. २१ मे २०२४.

पुरवणी, मंगळवार, दिनांक १८ जून २०२४.

मी, तोच ऑर्विल स्टेंगल, आता पलंगावरून सांगतो आणि वकीलबाई लिहून घेतात. त्यांचा लिहिण्याचा वेग बेताचाच आहे.

पत्र गेल्यावर तीन आठवडे काही आलं नाही. हाच निकाल, असं मी धरून चाललो. परवा रविवारी लीगमध्ये ग्रेडीचा प्रस्ताव आला. फादर्स डे होता, पण त्याचा उल्लेख नव्हता. तो त्याचा सर्वांत चांगला खेळाडू मला देत होता आणि बदल्यात टोलिव्हर मागत होता, गुडघा गेलेला टोलिव्हर. असला खुळा सौदा ग्रेडी जन्मात करणार नाही. प्रस्तावाच्या खाली दोन ओळी लिहायला जागा असते. तिथे त्याने लिहिलं होतं, "खरं आहे का?"

या वेळी मी दोन दिवस थांबलो नाही. लिहिलं, "खरं आहे. जुलै दिसत नाही. ये."

काल सकाळी फोन वाजला.

"बाबा. किती दिवस?"

"आठवडा. कमीही असेल."

"दुखतंय?"

"हो."

तो बोलेपर्यंत मी सेकंद मोजले, नऊ नाही, त्याहून जास्त झाले. मग म्हणाला, "बुधवारी डोरीला घेऊन गाडीने निघतो. त्याआधी कामातून सुटका नाही. गुरुवारी दुपारी पोचेन. थांबाल तोवर?"

तोंडाशी आलं होतं, की थांबतो रे, काळजी करू नकोस. मी म्हणालो, "माहीत नाही." तो म्हणाला, "बरं." सहा वर्षांत माझं त्याने एवढं एकच ऐकून घेतलं.

म्हणून कलम ७ मध्ये दुरुस्ती. पाकीट गुरुवारी सकाळी बाहेर काढावं. सहा वर्षांचं आहे, चव गेली असेल, ते ग्रेडीने ठरवावं. मर्लने स्वयंपाकघराच्या खिडकीत बसावं आणि गाडी कोपऱ्यावर वळताना दिसली की मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवावं. मी असो वा नसो, पाणी ठेवावं. तो लांबून येताना कुठेही थांबून खात नाही, लहानपणापासून.

बाकी सर्व कलमं कायम. शिडीसुद्धा.

(सही) ऑ. जे. स्टेंगल. पडल्या पडल्या केल्यामुळे अक्षर असं आलं आहे, सही माझीच आहे.
साक्षीदार: मर्ल होबॅक. रोझलिन टिबेट.
मार्लो फॉल्स, ओहायो. १८ जून २०२४.

(मागच्या बाजूस, पेन्सिलीने, दुसऱ्या हातचं अक्षर)
गुरुवार, दुपारी चार वाजून दहा. वकीलबाई रागावतील, पण ऑर्विल म्हणतो नोंदीवर घे. निळी गाडी कोपऱ्यावर वळली. मागच्या काचेत मुलगी दिसते. पाणी ठेवलं आहे. ऑर्विल जागा आहे. – म. होबॅक