थोरल्याच्या शेवटच्या एकशे चाळीस स्ट्रॉ

प्रति,
मा. सहसंचालक,
गोठित रेत प्रयोगशाळा

विषय : 'थोरला' या दिवंगत वळूच्या गोठित रेताच्या स्ट्रॉ (रेत भरलेल्या बारीक नळ्या) नष्ट करण्याचा आदेश रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा सोमवारचा आदेश (सही : हेडक्लार्क).

महोदय,

सविनय कळविते की, गेल्या वर्षी आपल्या तोंडी परवानगीने मी रेत गोठवण्याच्या द्रावणात अंड्याच्या बलकाऐवजी सोयाबीनचे लेसिथिन व हिरव्या चहाचा अर्क वापरला. स्ट्रॉ वितळवल्यावर शंभरातले बावन्न शुक्रजंतू पोहताना दिसले. बलकाच्या द्रावणात शेहेचाळीसच दिसत.

अंडी बंद झाल्याचा त्रास जंतूंना झाला नाही, हेडक्लार्कसाहेबांना झाला. बलक काढून उरलेल्या पांढऱ्याचे ऑम्लेट रोज त्यांच्या टेबलावर जात असे. ते म्हणाले, "बाई, तुमच्या झाडपाल्याने माझा नाश्ता मारला." मी म्हटले, "साहेब, वळूचा तर वंश वाढतोय!" हे बोलायला नको होते.

दुसऱ्याच दिवशी, प्रयोगशाळेच्या नावावर चहा मागवून कोण पिते, असा खुलासा मागवण्यात आला. मी अर्काची बाटलीच पुढे ठेवली. त्यांनी हुंगून फाइलवर शेरा मारला : "साखर नाही. संशयास्पद."

अशातच गेल्या महिन्यात थोरला वारला. त्याच्या जुन्या द्रावणातल्या स्ट्रॉ केव्हाच संपल्या असून, माझ्या प्रयोगातल्या एकशे चाळीस तेवढ्या उरल्या आहेत. त्याच "अमान्य वनस्पतिजन्य पदार्थ" म्हणून गटारात ओतण्याचा हा आदेश आहे. अकरा वर्षे इमानाने नोकरी केलेल्या प्राण्याला असा निरोप कोणी देत नाही.

सबब त्या स्ट्रॉ ठेवलेला द्रव नायट्रोजनचा कंटेनर मी रिक्षात घालून घरी आणला. ही चोरी आहे, हे मला मान्य आहे. तो हवेशीर व्हरांड्यात आहे. आत काय आहे, असे सासूबाईंनी विचारले असता मी खरे ते सांगितले. त्या म्हणाल्या, "असू दे गं. गेलाय बिचारा, पण त्याचं काम कशाला अडवायचं?"

आज सकाळी एका गवळणबाईंचा फोन आला. प्रयोगातल्या स्ट्रॉपासून पहिली कालवड झाली. तासाभरात उभी राहून आईला ढुशा देते आहे म्हणे.

कंटेनरमधला नायट्रोजन शुक्रवारपर्यंत पुरेल, मग स्ट्रॉ वितळून वाया जातील. तो भरून मिळण्याच्या मागणीपत्रावर हेडक्लार्कसाहेबांची सही लागते, व ते ती करणार नाहीत. मात्र नियमानुसार आपलीही चालते. कागद सोबत जोडला आहे. पेनही जोडले आहे.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(सही) बुधवार

सोबत : १) वितळवणी चाचणीचा तक्ता
२) कालवडीचा फोटो (हललेला, ती स्थिर उभी राहत नाही)
३) नायट्रोजनचे मागणीपत्र, पेनसह