चिंचमाळच्या बाजारातील पावती क्रमांक एक

प्रति,
मा. प्रशासक साहेब,
शेळी-मेंढी उपबाजार आवार,
चिंचमाळ, ता. इंदापूर, जि. पुणे.

अर्जदार : श्रीपती गेनू लोंढे, वय ५२, लिलाव पुकारणारा (रोजंदारी), रा. कळस, ता. इंदापूर.

विषय : पावती क्रमांक एक खोटी असल्याबद्दल मला कामावरून का काढू नये, याचा खुलासा, व एक विनंती.

संदर्भ : आपली नोटीस, दि. २७ जानेवारी १९९७.

महोदय,

नोटीस मिळाली. कारकून आणि शिपाई दोघेही काम नसल्याने रजेवर आहेत, म्हणून ती मीच टपालातून काढली, मीच मला बजावली आणि पोहोचेवर माझी सही घेतली. कामात कसूर नको. आता खुलासा करतो.

१. नोटिशीत म्हटले आहे की, गुरुवार दि. ९ जानेवारी रोजी लिलावात कोणतीही विक्री झालेली नसताना मी लिलाव वहीत एका शेळीच्या विक्रीची नोंद केली व पावती क्रमांक एक फाडली. पुढे असेही म्हटले आहे की, यामुळे आवाराच्या लौकिकास बाधा आली. या दुसऱ्या मुद्द्यावर मी गोंधळलो आहे. ऑक्टोबरपासून वहीत एकही विक्री नाही. दिवाळीपूर्वी आलेले पावती पुस्तक तसेच कोरे होते. ज्या बाजारात तीन महिन्यांत एक शेळी विकली गेली नाही, तिथे एक विकली गेली असे वाचून लौकिक कमी कसा झाला, हे कळवल्यास पुढे काळजी घेईन.

२. आपण रुजू झाल्यापासून बाजाराच्या दिवशी येणे आपणास जमलेले नाही, कामाचा व्याप मोठा असणार. म्हणून इथली पद्धत सांगतो. गुरुवारी सकाळी निरवांगी, कळस, पार मोरगावपासून माणसे जनावरे घेऊन येतात. जनावर आवारातल्या हौदावर पाणी पिते, आवारातल्या पत्र्याखाली सावलीला बसते, आवारात येणारे डॉक्टर त्याचे दात आणि कास बघतात. मग ते ओट्यावर चढते आणि मी पुकारू लागतो. सातशे, साडेसातशे, आठशे. गिऱ्हाईक कान देऊन ऐकते. भाव एका जागी येऊन थांबला की मालक मान हलवतो आणि म्हणतो, "देत न्हाय." मी 'माल परत' असे पुकारतो. मालक शेळी घेऊन फाटकाबाहेर जातो, मागोमाग गिऱ्हाईक जाते, आणि रस्त्यापलीकडे फुलाबाईंच्या चहाच्या टपरीसमोर दोघे एका टॉवेलाखाली हात घालून बोटांवर सौदा करतात. मी पुकारलेला शेवटचा आकडा हा त्यांचा पहिला आकडा असतो. त्यावर पंचवीस-पन्नास चढवले की काम झाले. आवाराची फी वाचते आणि वाचलेल्या फीत दोघांचा चहा होतो.

३. यात बेकायदेशीर काही नाही, असे मला वेळोवेळी सांगण्यात आले आहे. आवाराची हद्द फाटकाशी संपते. फाटकाबाहेर दोन माणसांनी टॉवेलाखाली एकमेकांची बोटे धरली तर आपण कोण विचारणारे? पाणी आपले, सावली आपली, डॉक्टर आपले, घसा माझा. विक्री तेवढी त्यांची. घसा बसतो म्हणून मी ज्येष्ठमध चघळतो. त्याचे बिल दोनदा पाठवले, दोनदा 'तरतूद नाही' असा शेरा घेऊन परत आले. फुलाबाई मात्र मला चहा फुकट देतात. म्हणतात, "श्रीपतराव, तुमच्या आवाजावर तर माझी टपरी चालती." माझ्या सहा वर्षांच्या सेवेची एवढी कदर दुसऱ्या कोणी केलेली नाही.

४. बाहेरचे सौदे बाहेरच राहिले असते तरी माझी हरकत नव्हती. पण भांडण लागले की ते आत येते. लिलाव वही कोरी आहे आणि तक्रार वही भरून दुसरी आणावी लागली. एका गृहस्थांनी बाहेर घेतलेली शेळी गाभण निघाली नाही. त्यांनी ती आणून कचेरीच्या दाराला बांधली आणि मला म्हणाले, "गाभण म्हणून पुकारली कुणी? तुमीच ना? मग आता तुमीच सांभाळा." पुकारली मीच होती. शेळी दाराशी अकरा दिवस होती. त्या मुदतीत तिने 'आवाराबाहेर सौदे करू नयेत' हे आपले परिपत्रक खाल्ले. आवारातर्फे त्या परिपत्रकाची दखल घेणारी ती एकटीच.

५. त्यातून आपला नियम असा की, पावती नसेल तर तक्रार घ्यायची नाही. म्हणून मी प्रत्येकाची तक्रार नीट लिहून घेतो आणि खाली 'घेतली नाही' असे लिहून सही करतो.

६. आता मूळ प्रकरण. निरवांगीच्या प्रयागबाई यांनी ९ जानेवारीस एक काळी दुभती शेळी आणली होती. त्यांची मुलगी करुणा बारामतीला नर्सिंग शिकते. तिच्या वसतिगृहाचे पंधराशे भरायचे होते आणि शेळी त्यासाठीच काढली होती. मी पुकारले. भाव अकराशेवर थांबला, माल परत झाला. निरवांगीची एसटी सुटायला आली होती. फाटकाबाहेर एका बाईने साडेअकराशे रोख दिले, प्रयागबाईंनी घेतले आणि त्या एसटीत बसल्या. पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा आल्या, शेळी न घेता. त्यांचे म्हणणे मी वहीत जसेच्या तसे लिहिले आहे : "एसटीत लोकं म्हणत हुती, मोरगावच्या जोतीरामानं पंधराशेला हात वर केलता आन् पुकारणाऱ्यानं बघितलंच न्हाय. श्रीपतराव, खरं का खोटं तेवढं सांगा. माझी पोरगी तितं साडेतीनशेसाठी अडकून बसलीया." मी त्यांना सांगितले की एसटीत लोक काय वाटेल ते बोलतात. आणि खाली 'घेतली नाही' असे लिहून सही केली.

७. दोन दिवसांनी, शनिवार दि. १८ रोजी, मी ९ तारखेच्या पानावर नोंद केली. विकणार प्रयागबाई, रा. निरवांगी. घेणार सौ. रंगुबाई श्रीपती लोंढे, रा. कळस. रक्कम रुपये पंधराशे. घेणाराचे आडनाव माझ्या आडनावाशी जुळते, हे आपल्या नजरेतून सुटले नसेलच. फाटकाबाहेर साडेअकराशे देणारी बाई म्हणजे माझी पत्नी. आमची नात श्रिया आठ महिन्यांची आहे, तिला गाईचे दूध पचत नाही, म्हणून शेळी हवी होती.

८. नोटीस ज्या तक्रारीवरून निघाली, ती तक्रारही रंगुबाईचीच आहे. चौकशीतला तिचा जबाब आपल्या फाईलला असेल, तरी इथे उतरवतो, कारण या प्रकरणात सरळ बोलणारी तेवढी एकच आहे : "लिलावात मी काय घेतलं न्हाय. शेळी फुलाबाईच्या टपरीम्होरं घेतली, टावेलाखाली बोटं धरून. आमी दोघी राजी हुतो. पैसं हातात मोजलं. आता ह्यांनी वहीत पंधराशे लिवलं, ते कुठनं आणलं ह्यांनाच इचारा. मी साडेतीनशे देणार न्हाय." बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याविरुद्ध केलेली ही पहिली लेखी तक्रार. तोंडी तक्रारींना सुदैवाने वही नाही.

९. इथे कायद्याच्या बाजूने पाहता सर्व काही ठीक आहे. प्रयागबाई राजी होत्या, रंगुबाई राजी होती, फुलाबाईंचे दोन चहा गेले. खोटे काय ते एकट्या माझे, तेही शाईत. आम्ही घरी दर पौर्णिमेला पंचशील म्हणतो. जे दिलेले नाही ते घेणार नाही, असे त्यात येते. रंगुबाई म्हणते, पैसे मोजून घेतले ते घेतलेलेच, आणि शेळी दिलेलीच. मी सहा वर्षे लोकांना भाव सांगतो आहे. तो भाव ते फाटकाबाहेर नेतात, तेव्हा मी तो त्यांना दिलेला असतो की नाही, याचा निकाल मला लावता आलेला नाही. बाहेर सौदा करणाऱ्या प्रत्येकाकडे मी सहा वर्षे तिरक्या नजरेने पाहत आलो, आणि नजर तिरकी ठेवण्यात मला मोठी धन्यता वाटत होती.

१०. खुलासा इथे संपवला असता तर मी निदान वेडा ठरून सुटलो असतो. पण आपण नोटिशीत विचारले आहे की, पंधराशे हा आकडा मी कोणत्या आधारे लिहिला. त्याचे उत्तर देणे भाग आहे.

जोतीरामांनी हात वर केला होता. मी तो पाहिला.

ते मागे, हौदाच्या कडेला उभे होते. पंधराशे असे ते स्पष्ट म्हणाले, माझ्या पुकाऱ्यात प्रयागबाईंना ते ऐकू गेले नसेल, हात पुरता वर होता, हातात लाल टॉवेल होता. मी अकराशे एक वार म्हटले, अकराशे दोन वार म्हटले, हात पाहिला, आणि मान दुसरीकडे वळवून 'माल परत' असे पुकारले. प्रयागबाईंनी मान हलवायच्या आधीच पुकारले. त्या दिवशी सकाळी घरातून निघताना मीच रंगुबाईला सांगितले होते की, चांगली दुभती शेळी आली तर मी हाक आखडती घेईन, तू टपरीपाशी थांब. तिला माहीत होते ते एवढेच. जोतीरामांच्या हाताचे तिला आजही माहीत नाही, ते तिला या अर्जाच्या नकलेवरून कळेल. जोतीरामही काही बोलले नाहीत. त्यांनाही वाटले असेल, बाहेर बघू. ते बाहेर येईपर्यंत शेळीचे दावे रंगुबाईच्या हातात होते.

म्हणजे साहेब, फाटकाबाहेर सौदा करणाऱ्यांनी निदान फाटक ओलांडण्याची तसदी घेतली. मी ओट्यावर उभा राहूनच केला.

११. प्रयागबाईंची तक्रार मी गुरुवारी लिहून घेतली. शुक्रवारी मी साडेतीनशे रुपये घेऊन निरवांगीला प्रयागबाईंच्या दारात गेलो आणि जे घडले ते सांगितले. मला वाटले, त्या शिव्या देतील. त्यांनी पाणी दिले. पैसे मात्र घेतले नाहीत. म्हणाल्या, "बाहेरच्या बाहेर एकदा घेतलं, बास झालं. आता वहीत लिव. माझ्या शेळीला पंधराशे आलं हुतं, त्ये लिव, आन् मग कचेरीतनं दे." त्यांच्यासमोर मला लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो. घरी येताच ते साडेतीनशे रंगुबाईने काढून घेतले. शनिवारी मी वही उघडली.

१२. तरी आपणास नम्र विनंती की,

(अ) पावती क्रमांक एक रद्द करू नये. तिच्यात लिहिलेली बोली झाली होती. वहीत आजवर कोरी राहिलेली पाने जितकी खोटी आहेत, तितकी ही नोंद खोटी नाही.

(ब) करुणाच्या वसतिगृहाची मुदत १५ फेब्रुवारीपर्यंत आहे. प्रयागबाईंना रुपये साडेतीनशे कचेरीतून, वहीवर सही घेऊन, त्यापूर्वी द्यावेत व ते माझी उचल समजावी.

(क) माझा रोज बाजाराला पंचेचाळीस रुपये आहे. उचल आठ बाजारांत फिटते. मला कामावरून काढणे योग्यच आहे, पण ते नवव्या बाजारी काढावे. पहिल्या आठ गुरुवारी ओट्यावर जनावर आले तर तिसरी हाक देईन, आणि हौदाकडेही बघेन. नवव्या गुरुवारी मी आपण होऊन येणार नाही, नोटिशीचा कागद वाचेल.

शेळी आमच्या दारात आहे. रोज दीड शेर दूध देते आणि श्रियाचे पोट आता दुखत नाही. त्यामुळे ती परत करतो, असे म्हणण्याइतका प्रामाणिकपणा माझ्यात नाही.

आपला, निदान या कागदापुरता खरा,

(सही)
श्रीपती गेनू लोंढे
दि. ३ फेब्रुवारी १९९७, चिंचमाळ

सोबत जोडले आहे :
१. आपल्या नोटिशीची पोहोच, माझी मलाच दिलेली.
२. पावती क्रमांक एकची नक्कल.
३. त्या पावतीवरील आवाराची फी, रुपये पंधरा रोख. ऑक्टोबरपासूनचे आवाराचे एकूण उत्पन्न हेच आहे, जपून ठेवावे.
४. सौ. रंगुबाई यांचा या अर्जास हरकत घेणारा अर्ज. टपालखर्च वाचावा म्हणून याच पाकिटात. तो त्यांनी हा अर्ज वाचून घेण्यापूर्वी लिहवला आहे.
५. जोतीराम, रा. मोरगाव यांचा जबाब. जोडलेला नाही. त्यांना अजून कोणी विचारलेले नाही.