पर्समध्ये मावणारं पिस्तूल

अण्णा, गेल्या शनिवारी मी पिस्तूल घ्यायला गेले होते. तुम्ही असतात तर आधी चष्मा पुसला असता आणि मग विचारलं असतं, "कशासाठी?" सांगते. नोव्हेंबरात इथे इंगोलश्टाटला स्टेशनाखालच्या बोगद्यात कुणीतरी मागून माझी पर्स ओढली. मी सोडली नाही, म्हणून पर्सबरोबर मीही गेले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. पर्स गेली ती गेलीच. पोलीस सभ्य होते, फॉर्म पाच पानी होता, पुढे काही झालं नाही. तेव्हापासून लेक ब्योब्लिंगेनहून रोज फोन करते, "आई, खोली तयार आहे, तू इकडे ये बघू." खोली म्हणजे तिची इस्त्रीची खोली. एकाहत्तराव्या वर्षी मी इस्त्रीच्या टेबलाशेजारी जाऊन निजायचं, का, तर एका चोराला माझी पर्स आवडली! आणि माझे गुरुवार? दर गुरुवारी संध्याकाळी मी चर्चच्या हॉलमध्ये आपल्याकडून नव्याने आलेल्या पाच मुलींना जर्मन शिकवते. नवरे गाड्यांच्या कारखान्यात, आणि ह्या घरात. दाताच्या डॉक्टरशी बोलायचं तरी नवऱ्याने रजा घ्यावी लागते. मनगटाचं कारण सांगून मी एकामागून एक गुरुवार बुडवत होते. प्लास्टर तर कधीच निघालं होतं.

मग जावई आले. भला माणूस, पण कुठल्याही दुखण्यावर यंत्र सुचवतात. "आल्झो, तर मग आई, तुम्ही एक छोटं गॅसचं पिस्तूल पर्समध्ये ठेवा. गोळी नसते त्यात, नुसता आवाज होतो आणि समोरच्याचे डोळे झोंबतात. बाळगायला छोटा परवाना लागतो, फॉर्म मी भरतो." खरं पिस्तूल इथे साध्या माणसाला बाळगू देत नाहीत, आणि ते बरंच आहे. पण ह्या नकलीसाठीसुद्धा कचेरी तपासणार, मी भरवशाची बाई आहे का! चाळीस वर्षं कर भरला, कचरा चार डब्यांत वेगळा केला, आणि आता माझा भरवसा तपासणार.

दुकानात काउंटरमागे माझ्याच वयाचे एक आजोबा होते. त्यांनी तळहाताएवढं काळं पिस्तूल पुढे केलं आणि म्हणाले, "रिकामं आहे, बाई." आणि अण्णा, माझे हात आपोआप चालू झाले. नळीचं तोंड भिंतीकडे, बोट चापाबाहेर, मॅगझिन काढून काउंटरवर. जावई तोंड उघडं टाकून बघत राहिले. चोवीस वर्षांच्या ओळखीत कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की मी पोलिसांची हत्यारं सांभाळणाऱ्या आर्मररची मुलगी आहे.

मी दहा वर्षांची आहे. कॉन्व्हेंटला कुठल्याशा संताची सुट्टी, म्हणून तुमचा डबा घेऊन मी मुख्यालयाच्या शस्त्रागारात आले आहे. तेलाचा वास, टेबलावर चिंध्या, आणि दुरुस्तीला आलेली पिस्तुलं ओळीने मांडलेली. मी एक उचलते. तुम्ही ओरडत नाही, ते जास्त वाईट. "हातात काय आहे?" "रिकामं आहे, हवालदारकाका म्हणाले." "ते म्हणाले. तू बघितलंस?" मी नकारार्थी मान हलवते. "तुमच्या सिस्टरना सांग, आमच्याकडे बघितल्याशिवाय आमेन नाही." मग माझ्या हातांवर हात ठेवून तुम्ही ते उघडायला शिकवलंत. त्याच टेबलावरून तुम्ही एका साहेबांना परत पाठवलं होतं. तुमचा नियम एकच: घेणाऱ्याने तुमच्यासमोर हत्यार स्वतः उघडून बघायचं, जमलं नाही तर हत्यार नाही. साहेबांचा अंगठा मुरगळलेला. "मी कोण आहे ठाऊक आहे ना?" "ठाऊक आहे साहेब. अंगठा बरा झाला की या." आईने पुढे महिनाभर बदलीच्या धास्तीने देव पाण्यात ठेवले होते.

तर मॅगझिन निघालं, आता वरची स्लाइड मागे ओढून आत काही राहिलंय का बघायचं. ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. पिस्तूल जितकं छोटं तितकी आतली स्प्रिंग हट्टी, हे तुम्हीच सांगितलेलं. आजोबांनी तत्परतेने गुलाबी मुठीचं दुसरं काढलं, "हे खास बायकांसाठी." मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर, आणि चोरही गुलाबी येणार का?" तेही उघडलं नाही. जावई म्हणाले, "आई, तुम्हाला उघडायचंय कशाला? मी घरीच भरून देतो, तुम्ही फक्त चाप ओढा." दुसऱ्याने भरलेलं, मला न उघडणारं, माझ्या पर्समध्ये, चष्म्याशेजारी! मी ते तोंड भिंतीकडे ठेवून परत केलं. "स्प्रिंग भिकार आहे," मी जावयांना मराठीत सांगितलं, "असला माल आमच्या अण्णांनी टेबलावर ठेवू दिला नसता."

येताना गाडीत आठवलं. मी एकदा विचारलं होतं, एवढी पिस्तुलं हाताखालून जातात, मग तुम्ही अंधारात घरी येताना एक खिशात का घेत नाही? तुम्ही सायकल पुसत होतात. "आम्ही चौघं एकदम निघतो की," म्हणालात. एखाद्याचं काम उरलं की बाकीचे तिघे फाटकाशी थांबायचे, आईची आमटी दोनदा गरम व्हायची.

घरी येऊन मी वर्गातल्या एकीला फोन केला. "ह्या गुरुवारी वर्ग आहे. नंतर मला स्टेशनापलीकडे सोडायला दोघीजणी या."

"दोघी कशाला मॅडम, पाचही येतो. तुम्ही नव्हतात तर आम्ही तिकडे फिरकलोच नाही. त्या बोगद्यातून नवऱ्याशिवाय कोण जाणार?"

"मी काय पालखी आहे, पाच जणी लागायला?"

"नाही हो, तुम्ही पुढे चाला आणि क्रियापदं विचारा."

विचारली. काल सहा बायका त्या बोगद्यातून भूतकाळाची रूपं मोठ्याने म्हणत गेल्या. समोरून येणारा एक धिप्पाड गडी भिंतीला चिकटून उभा राहिला. आज सकाळी लेकीला सांगितलं, खोलीत खुशाल इस्त्री कर.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तुमच्या फोटोमागे सरकवून ठेवीन. तिथे कुणी बघत नाही, म्हणून सांगते. स्प्रिंग उत्तम होती, अण्णा. मी दोनदा ओढून स्वतः बघितलं. मनगटच माझं पहिल्यासारखं राहिलेलं नाही. जावयांना एवढं कळू देऊ नका.