सगळ्या गल्लीचे अवो

तीर्थस्वरूप आत्याबाई यांच्या चरणी सूनबाई राजेश्रीचा नेदरलँडहून दंडवत. तुमचा गुडघा, मामांचा खोकला, म्हशीचा पाय, सगळ्यांची खुशाली वेगवेगळी कळवा. "बरं हाय समदं" म्हणून मिटवू नका. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. मामा फोनचा स्पीकर लावून ओसरीत बसतात आणि आपलं बोलणं अर्धं पेडगाव ऐकतं. हे बोलणं तुमच्यापुरतं आहे. (मामा शेतात गेले की वाचा.)

ह्यांच्या कंपनीनं आम्हाला दोन वर्षांसाठी इकडं पाठवलं, तेव्हा तुम्ही डोळ्याला पदर लावून म्हणाला होता, "परक्या मुलखात लेकरायचे लय हाल व्हतेल माय." आत्याबाई, झाले नाहीत! लेकरं भर पावसात चिखलात लोळतात आणि सर्दीचं नावही कुणी काढत नाही. सकाळी पावावर चॉकलेटचा चुरा टाकून खातात, आणि तो इथला रीतसर नाश्ता आहे (मला आधी वाटलं, थोरली ऋतिका थापा मारायलीय). संध्याकाळी सातला झोपतात, कारण न सांगता येऊन त्यांना उठवणारा पाहुणा इकडं नाही. आणि मी सायकल शिकले! पुढं लाकडी खोकं असतं, त्यात दोन्ही लेकरं बसवायची. पहिल्या दिवशी तिघंही कालव्याकाठच्या झुडपात गेलो. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले, लेकरं आधीच उडी टाकून पळाली. आता समोरून वारं आलं तरी मी पाय टेकत नाही.

खरी गंमत तुमच्या चिरंजीवांची. पेडगावात ह्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात लागायचा. इथं तांब्या देणारं कोण? तर लेकरांना न्यायचं-आणायचं काम ह्यांच्याकडं आलं. धाकट्या परमूला पाळणाघरात घातलं, तिथल्या बाईंनी विचारलं, बाबांचं नाव काय? लेकरानं घरात दिवसभर जे ऐकलं होतं तेच ठणकावून सांगितलं, "अवो!" बाईंना वाटलं, काय सुटसुटीत नाव! दुसऱ्या दिवशी फाटकातूनच हाक आली, "अवो!" हे पडले भिडस्त. बाईंची चूक कशी काढायची म्हणून हसून मान डोलावली, आणि तिथंच फसले. महिनाभरात शेजारची म्हातारी, बेकरीवाली, ऋतिकाच्या मैत्रिणींच्या आया, सगळ्या ह्यांना अवो म्हणायला लागल्या. कुणाला शिडी धरायला अवो पाहिजेत, कुणाला सायकलीत हवा भरायला अवो. परवा बाजारात मी "अवो" म्हटलं, तर हे भलत्याच बाईकडं वळले आणि तिची पिशवी उचलायला लागले!

माझं टाळकंच सरकलं. जी हाक माझ्या एकटीच्या हक्काची, ती सगळ्या गल्लीनं वाटून घ्यावी? बटाट्यांच्या ढिगापलीकडून मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "हरिओम!"

वीज पडली नाही. हरिओम गर्रकन वळला, कानापर्यंत लाल झाला आणि त्या बाईची पिशवी तिथंच टाकून माझ्याकडं आला. हळूच म्हणाला, "पुन्ना म्हण की." आपल्याकडं नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, तेही बायकांनी दार अडवल्यावर. उखाण्याशिवाय मी ते पहिल्यांदाच घेतलं, आणि लय हलकं वाटलं. आता दिवसभर चालू असतं. हरिओम, कणीक मळ. हरिओम, परमूचं नाक पूस. आणि तो सगळं करतो, आत्याबाई, वर शीळ घालतो! परदेशाचं मला काय आवडलं म्हणून कुणी विचारलं, तर मी आधी हेच सांगीन.

मामांना नमस्कार (मजकूर वगळून).
तुमची,
राजेश्री

ता. क. उन्हाळ्यात आम्ही महिनाभर पेडगावला येतोय. पत्र त्यासाठीच लिहिलं. ओसरीत मामांसमोर माझ्या तोंडून "हरिओम" निघणार, आणि ही सवय मला मोडायची नाही. मामांचा आवाज चढायच्या आत तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल ना? तुम्ही गप्प बसलात तर मला मुकाट पुन्हा "अवो"वर यावं लागेल, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटेल.

आणखी एक ता. क. बोलणं जड जात असेल तर सोपा उपाय आहे. मामा चहाची वाट बघत बसले की चुलीपुढूनच एकदा नुसतं "बन्सीधर" म्हणा. मग माझ्याकडं कोण बघतंय? गावाला बोलायला वर्षभर तुम्हीच पुराल.