ट्रेबल स्वच्छ, दहापैकी नऊ

४ मार्च, सकाळी ७
जुने स्पीकर संपले. आवाज बसलाय, ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, नावालाही नाही. वर्षभर सांगतोय, पण घरात माझं ऐकतो कोण? हिचं म्हणणं, स्पीकर ठणठणीत आहेत, मीच कान तपासून घ्यावेत. माझे कान! तेवीस वर्षं पंपांच्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. चालू पंपाच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो. कारखान्यात मला ‘स्टेथोस्कोप’ म्हणतात ते काय उगाच?
निश्चय: महिनाअखेर नवे स्पीकर. शास्त्रोक्त तुलना करून.

१० मार्च
दुकानदार भला माणूस, पण पुटपुटतो. दोन जोड्या आठवडाभर घरी ऐकायला दिल्या. ‘अ’ शेल्फवर मावणारे. ‘ब’ कमरेएवढे, जमिनीवर ठेवायचे. ‘ब’च्या पाठीमागे हात दाखवून काहीतरी सांगत होता. मी मान डोलावली.

११ मार्च, दु. ४
जोडणी स्वतः केली. ‘ब’ला वायरींसाठी दोनाऐवजी चार टर्मिनल. वरची जोडी खालच्या जोडीला पितळी पट्ट्यांनी जोडलेली. पॅकिंग असणार. काढून ड्रॉवरमध्ये टाकल्या, खाली वायरी लावल्या. वाजले. ही म्हणाली, मॅन्युअल वाचा. मॅन्युअल नवशिक्यांसाठी असतं.

१२ मार्च
वही आखली. तेच गाणं दोन्हींवर सहा-सहा वेळा.
‘अ’: ट्रेबल लाजाळू. चार.
‘ब’: ट्रेबल स्वच्छ, मोकळा, तरी कुठे टोचत नाही. नऊ!
हिच्या मते ‘ब’वर बाई उशीत तोंड खुपसून गातेय. कान तयार नसला की असं होतं, समजावलं. त्यावर स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली. हल्ली तिथलं बोलणं हॉलमध्ये पोचतच नाही. बांधकामात दोष आहे.

१४ मार्च
मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. मी पास केलेला पंप ग्राहकाकडे दोन दिवसांत जाम झाला. दोन महिन्यांतला तिसरा. बेअरिंगची शिट्टी आमच्या पेंटरलाही ऐकू येत होती म्हणे. पेंटरला काय कळतं! टेस्टिंगच्या शेडमध्ये नवे पंखे बसवलेत, त्यांचा गोंगाट कोणी लक्षात घेत नाही. हुकूम: कान तपासून सर्टिफिकेट आणा, तोवर टेस्टिंग बंद, स्टोअरमध्ये बसा.
हिला सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसेल.

१५ मार्च
स्टोअरमध्ये दिवसभर वॉशरच्या पेट्यांना लेबलं लावली. संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ होती. पण तुलनेत खंड पडला की निकाल बिघडतो, म्हणून पुढे ढकलली. ‘ब’चे नऊ कायम.

१७ मार्च, सं. ६
दुकानदार आला. ‘ब’ ठेवतो म्हणालो. ‘ब’च्या ट्रेबलवर पाचेक मिनिटं बोललो. तो ‘ब’च्या मागे वाकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग विचारलं, पट्ट्या कुठे आहेत. ड्रॉवरमधून काढून दिल्या. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत त्याने सांगितलं की त्या पट्ट्यांशिवाय ट्रेबलचा छोटा स्पीकर वाजतच नाही. आठवडाभर तो मुका होता.
पट्ट्या बसवल्या. तेच गाणं लावलं. आता फरक कळला ना, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. मला काडीचाही फरक कळला नव्हता. ही मात्र हातातलं काम टाकून दारात आली आणि गाणं संपेपर्यंत तिथेच उभी राहिली. फरक मला तिच्या चेहऱ्यावर दिसला.
घाबरलो.

१८ मार्च
तपासणी झाली. कागदावरची रेघ निम्म्यापर्यंत नीट चालते, मग बारीक आवाजांपाशी खाली कोसळते. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं मशिनांच्या आवाजात काम केल्याचा परिणाम. गेलेलं परत येत नाही. कानाला मशीन लावून बोलणं कळेल, पण पंप पारखायचं सर्टिफिकेट मिळणार नाही. म्हणजे यापुढे स्टोअरच.
हिला सगळं सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, दोन वर्षं झाली, महत्त्वाचं काही मी तुमच्या समोर आल्याशिवाय बोलतच नाही. माझ्या कधी ध्यानात आलं नाही.
संध्याकाळी ‘ब’ लावले आणि तिला विचारलं, कसे वाजतात. ती शेजारी बसून सांगत गेली. मागे काहीतरी बारीक किणकिणतंय. ओळ संपली की बाई श्वास घेते, तोही ऐकू येतो. मी वहीत लिहून घेतलं. ‘श्वास’ तिला दोनदा सांगावा लागला.